दावा वर्ग होतो तेव्हा

भिलाईत राहणाऱ्या मराठी माणसाने दुर्गच्या न्यायालयात जाऊन ‘माझा दावा नागपूरला वर्ग करायचा आहे’ असे म्हटले, तर समोरचा हिंदी भाषक वकील क्षणभर थबकेल. हिंदीत वर्ग म्हणजे समाजाचा थर, शाळेतली तुकडी, नाहीतर गणितातला चौरस. कायद्याच्या हिंदीत या क्रियेला ‘अंतरण’ म्हणतात, बोलण्यात सरळ ‘ट्रांसफर’. मराठीत मात्र बँकेतली रक्कम वर्ग होते, तलाठ्याकडची फाइल वर्ग होते आणि खटलाही वर्ग होतो. हा शब्द संस्कृत ‘वृज्’ धातूचा. वळवणे, बाजूला काढणे हा त्याचा अर्थ. ‘वर्ज्य’ याच घरातला. एका ठिकाणाहून वेगळे काढणे आणि दुसऱ्या गटात नेऊन ठेवणे, या दोन्ही हालचाली मला या एका शब्दात दिसतात. म्हणून ‘बदली’पेक्षा तो मला नेमका वाटतो.

दुर्ग ते नागपूर रेल्वेने सुमारे 265 किलोमीटर. आज हा दावा वर्ग करायचा असेल तर अर्ज दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो, कारण मध्ये राज्याची सीमा आहे. 1956 पूर्वी हेच काम नागपुरातच झाले असते.

दुर्ग जिल्हा 1906 साली झाला, तो मध्य प्रांतात. या प्रांताचे सर्वांत वरचे न्यायपीठ नागपूरला. आधी ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय होते, जानेवारी 1936 पासून उच्च न्यायालय. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 24 उच्च न्यायालयाला आपल्या हाताखालच्या एका न्यायालयातून दुसऱ्यात दावा वर्ग करू देते. दुर्ग आणि नागपूर दोन्ही एकाच उच्च न्यायालयाखाली होते. तेव्हा भिलाई हे एक खेडे होते. सोव्हिएत संघाबरोबरचा पोलाद कारखान्याचा करार 1955 चा.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. कायद्याने नागपूरचे उच्च न्यायालयच नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय ठरले आणि ते जबलपूरला बसू लागले. त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश एम. हिदायतुल्ला हे नागपूरचेही शेवटचे मुख्य न्यायाधीश. शाळा रायपूरची, कॉलेज आणि वकिली नागपूरची, म्हणजे ते जुन्या मध्य प्रांताचेच. विदर्भाच्या वाट्याला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. पुढे 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड झाले, उच्च न्यायालय बिलासपूरला आले आणि इथली प्रलंबित प्रकरणे जबलपूरहून तिकडे वर्ग झाली. नागपूर, जबलपूर, बिलासपूर: दुर्गच्या पक्षकाराने घर न बदलता चव्वेचाळीस वर्षांत तीन गावे पाहिली.

अमेरिकेत दावा हलतो तो वेगळ्या कारणाने. तिथे राज्यांची न्यायालये निराळी, संघराज्याची निराळी. 1789 च्या न्यायव्यवस्था कायद्याच्या बाराव्या कलमाने परराज्यातल्या प्रतिवादीला 500 डॉलरवरचा दावा राज्याच्या न्यायालयातून संघाच्या न्यायालयात नेण्याची मुभा दिली. स्थानिक पंच आपल्याच माणसाची बाजू घेतील, ही भीती त्यामागे होती.

भारतातही 1935 च्या कायद्याने संघ न्यायालय आले. 1937 साली ते सुरू झाले तेव्हा पहिल्या तीन न्यायाधीशांत मुकुंदराव जयकर होते. पण त्याच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळी न्यायालये नव्हती. 4 नोव्हेंबर 1948 ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हे स्पष्ट केले: राज्यव्यवस्था दुहेरी, न्यायव्यवस्था मात्र एकच.

ही एकच न्यायव्यवस्था भिलाईने फार जवळून पाहिली. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची इथल्या हुडको वसाहतीत झोपेत गोळी घालून हत्या झाली. तपास केंद्राच्या सीबीआयने केला, पण खटला चालला दुर्गच्या सत्र न्यायालयात. 1997 ला शिक्षा झाल्या, 1998 ला जबलपूरने सर्वांना निर्दोष सोडले, 2005 ला सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली आणि आरोपी उद्योगपतींची सुटका कायम ठेवली. त्या निकालाचे दुःख इथल्या कामगारांना आजही आहे, आणि ते मला रास्त वाटते. केंद्राचा तपास असूनही खटल्याला राज्याच्या न्यायालयातून उचलून केंद्राच्या दुसऱ्या दालनात नेण्याचा प्रश्न आला नाही, कारण तसे दालनच नाही. शिडी एकच होती.

एका राज्याच्या न्यायालयातून दुसऱ्या राज्याच्या न्यायालयात जाण्याची वाट मात्र उशिरा रुंद झाली. दिवाणी संहितेच्या मूळ कलम 25 मधला अधिकार न्यायालयाकडे नव्हता, सरकारकडे होता आणि तोही एकाच न्यायाधीशाच्या उच्च न्यायालयापुरता. 1 फेब्रुवारी 1977 ला नवे कलम 25 अमलात आले आणि दावा दुसऱ्या राज्यात वर्ग करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. त्याच दिवशी घटनेचे अनुच्छेद 139क लागू झाले. एकाच कायदेशीर प्रश्नाची प्रकरणे दोन उच्च न्यायालयांत असतील तर ती त्यामुळे सर्वोच्च न्यायालय आपल्याकडे ओढून घेऊ शकते. फौजदारी खटल्यांचा असाच अधिकार आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 446 मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2004 च्या आदेशाने बडोद्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्याची फेरसुनावणी मुंबईत झाली.

नव्या कलम 25 चा आधार सर्वाधिक घेतात माहेरी परतलेल्या बायका. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज दुर्गला टाकलेला, ती मुलासह नागपूरला. दर पेशीला गाडी गाठायची, रजा काढायची, सोबतीला कोणी शोधायचे. तिच्यासाठी कायद्याचे हे एक पान म्हणजे पोटगीइतकाच मोठा आधार आहे. 2017 साली जबलपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सचा पर्याय सुचवला, पण त्याच वर्षी मोठ्या पीठाने बहुमताने त्याला आवर घातला. कौटुंबिक वादात माणसे समोरासमोर यावीत, गुप्तता राहावी, हे त्यांचे म्हणणे होते.

दावा वर्ग झाल्यावर नवे न्यायालय तो पुन्हा पहिल्यापासून चालवू शकते किंवा थांबला होता तिथून पुढे नेऊ शकते. पण कलम 25 चे शेवटचे उपकलम सांगते की मूळ न्यायालयाने जो कायदा लावला असता तोच नव्यानेही लावायचा. दुर्गहून निघालेला दावा नागपूरला पोहोचतो तेव्हा त्याच्या हिंदी कागदांबरोबर छत्तीसगडचा कायदाही गाडीतून उतरतो.