डिंक्याचा प्रवास

देवास गेटच्या बसस्थानकाबाहेर हिवाळ्यात संत्र्यांच्या हातगाड्या उभ्या राहतात. विक्रेता फळाला 'नागपुरी' म्हणतो. माल मात्र पुष्कळदा आगरकडचा असतो. यात लबाडी नाही, कारण वाण नागपुरीच आहे. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो तेव्हाच्या औरंगाबादहून नागपुरास नेला, असे परंपरा सांगते. पुढे तो माळव्याच्या काळ्या जमिनीतही रुजला. आम्हां माळवावासी मराठी मंडळींना हा प्रवास काहीसा घरचाच वाटतो. परंतु झाड एकटे प्रवास करीत नाही. कलमाच्या मुळांशी असलेल्या मूठभर मातीतून 'डिंक्या'ही सोबत येऊ शकतो.

या रोगाचे मूळ फायटॉफ्थोरा. 'वनस्पतिसंहारक' अशा अर्थाचे हे नाव जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी १८७६ साली दिले. दीर्घकाळ त्याची गणना बुरशीत होत असे. आता शास्त्रज्ञ त्याला शेवाळांचा आप्त मानतात. बागाईतदार अजून बुरशीच म्हणतो, आणि त्याचे काही अडत नाही. त्याने ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की याचे बीजाणू पाण्यात पोहतात. पाणी तुंबले की ते तंतुमुळांना गाठतात. मोकाट पाण्याबरोबर एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जातात. बुंध्याची साल फुटून डिंक दिसू लागतो, तोवर जमिनीखाली बरेच काही घडून गेलेले असते.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अटलांटिकमधील अझोर्स बेटांवरच्या संत्राबागा या रोगाने उजाड झाल्या. पुढे भूमध्य समुद्राकाठीही तेच घडले. तेथील बागाईतदारांनी डिंक्याला दाद न देणाऱ्या कडू नारिंगाच्या खुंटावर कलमे बांधली. उपाय उत्तम होता. मात्र १९३० नंतर दक्षिण अमेरिकेत मावा किडीने पसरवलेल्या 'ट्रिस्टेझा' या विषाणुरोगाने नेमकी त्याच खुंटावरची लक्षावधी झाडे मारली.

आपल्याकडे जंबेरीचा खुंट रूढ झाला. तो जोमाने वाढतो, पण डिंक्यापुढे दुबळा ठरतो; रंगपूर लिंबू त्या मानाने तग धरते. म्हणून डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधावा, पाणी बुंध्याला न लागेल असे दुहेरी आळे करावे, पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडास बोर्डो मलम लावावे, असे सांगितले जाते. मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षावरील केवड्यासाठी पुढे आणले होते.

रोप घेताना गिऱ्हाईक उंची आणि पानांचा तजेला पाहते. पिशवी फाडून मुळे दाखविणारा विक्रेता आम्हांस अद्याप भेटलेला नाही.