भंगार सायकलीचा तोरा

महागड्या सायकलवाल्याला हसायचं, ही माउंटन बायकर्समधली जुनी खोड. त्यासाठी दाखला कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीचा देतात. 1976 मध्ये तिथे रीपॅकच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या, त्या 1930-40च्या दशकांतल्या जड सायकलींवर. मागचा ब्रेक तापून हबमधलं ग्रीस जळायचं, ते पुन्हा भरावं लागायचं. नाव त्यावरूनच पडलं.

पण गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ ही मंडळी मुळात रोड रेसर. हलक्या सायकली त्यांच्याकडे होत्याच. भंगार ही हौस. 1977 मध्ये ब्रीझने खास फ्रेम बनवलीच की! आणि शर्यतींच्या वेळा लिहून ठेवणारा केली, 1980पासून ‘फॅट टायर फ्लायर’ हे नियतकालिक चालवण्यातही तोच. तेव्हा तिथला एकच सायकल असलेला माणूस शोधायचा तर साधनं दुसरीकडे बघावी लागतील.