डॉक्टरला चिठ्ठी लिहायला कोण शिकवतं?

धानाच्या रोवणीचे दिवस आले की पवनीत कंबरदुखीचे पेशंट वाढतात. मागच्या पावसाळ्यात एका मावशींनी पिशवीतून गोळ्यांची तीन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. नावं तीन, डॉक्टर तीन. मागची बारीक अक्षरं वाचली तर तिन्हींत डायक्लोफेनॅक. पोटात जळजळ, पायावर सूज आणि रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण आलेला. "तिन्ही डाक्टरायनंच देल्लं जी," मावशी म्हणाल्या. खरंच होतं ते.

आता आमच्या शिक्षणाबद्दल थोडं सांगतो. मी एमबीबीएस करत होतो तेव्हा औषधशास्त्राच्या प्रॅक्टिकलला काजळी धरलेल्या कागदावर बेडकाच्या स्नायूचे आलेख काढायचे आणि पोटातल्या गॅसवरचं मिक्श्चर बाटलीत ढवळायचं, हेच चाले. तोंडी परीक्षेत औषध पेशीत काय करतं ते घडाघडा सांगायचो. पण ४५ किलोच्या, ॲसिडिटी असलेल्या बाईला कंबर दुखते तर कोणती गोळी, किती दिवस, हे कुणी विचारलं नाही. इंटर्नशिपमध्ये सीनियर लिहायचे तेच उतरवायचो आणि नवीन औषधं कंपनीच्या एमआरकडून कळायची. म्हणून त्या तीन डॉक्टरांवर मी फार रागावू शकत नाही.

गंमत म्हणजे यादी तेव्हाही होती. १९७५ साली जयसुखलाल हाथी यांच्या समितीने भारतासाठी ११७ अत्यावश्यक औषधं निवडली आणि ब्रँडची नावं हळूहळू बंद करा असंही सुचवलं. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी त्यानंतर, १९७७ मध्ये आली. आपली राष्ट्रीय यादी १९९६ ची. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. 'अत्यावश्यक' म्हणजे गरिबांसाठीचं दुय्यम औषध, असं बऱ्याच पेशंटना वाटतं. तसं अजिबात नाही. बहुतेक लोकांच्या आजारांना पुरतील अशी, गुण सिद्ध झालेली, धोका माहीत असलेली आणि किमतीच्या मानाने योग्य अशी ही औषधं असतात.

पण यादी हातात दिली म्हणून चिठ्ठी लिहिता येत नाही. ती शिकवायची पद्धत नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात तयार झाली आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचं मार्गदर्शक पुस्तक काढलं. विद्यार्थ्याने आधी नेहमीच्या आजारांसाठी स्वतःची मोजकी औषधं निवडायची: गुण, सुरक्षितता, सोय आणि किंमत तोलून. मग समोरच्या पेशंटचा त्रास नेमका काय, उपचारातून साधायचं काय, आपलं ठरलेलं औषध याच माणसाला चालेल का, हे पाहायचं. मग चिठ्ठी, समजावून सांगणं, आणि शेवटी औषध कधी थांबवायचं ते ठरवणं. ही शेवटची पायरी आमच्याकडे सर्वात जास्त गळते. दिल्ली, काठमांडू, लागोससह सात विद्यापीठांतल्या २१९ विद्यार्थ्यांवर ही पद्धत तपासली गेली. लहानशा प्रशिक्षणानंतर विद्यार्थी न शिकवलेल्या आजारांतही चांगले निर्णय घेऊ लागले आणि सहा महिन्यांनीही ते टिकलं. हा अभ्यास १९९५ चा.

आपल्याकडे २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात चिठ्ठी लिहिणं आणि अत्यावश्यक औषधं निवडणं हे कौशल्य म्हणून आलं. बेडूक सुटला म्हणायचा. अर्थात वर्गात शिकलेलं वॉर्डात टिकायचं तर तिथले सीनियरही तसंच लिहिणारे हवेत. त्याआधी, २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने औषधाचं जेनेरिक नाव, वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा असा नियम केला होता. मावशींच्या तिन्ही चिठ्ठ्यांवर डायक्लोफेनॅक हे नाव असतं, तर दुसऱ्याच डॉक्टरच्या ते लक्षात आलं असतं.

मावशींच्या तिन्ही गोळ्या बंद केल्या. पॅरासिटामॉल दिली, दिवसाला जास्तीत जास्त किती आणि किती दिवस ते चिठ्ठीवर मराठीत लिहून. महिन्याभराने क्रिएटिनिन उतरलं. आता त्या कुठल्याही दवाखान्यात गेल्या की आधी पिशवी उघडून पाकिटं दाखवतात, आणि नवीन चिठ्ठी मिळाली की विचारतात, "याच्यात तेच त नाही न जी?"