अनभिप्रेत बार : पिस्तुलांतील सुरक्षादोष व कारखानदाराचे दायित्व

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्याचा इरादा नसताना, आणि पुष्कळदा त्याचे बोट चापाला लागलेलेही नसताना, हत्यार खाली पडून, त्याला हिसका बसून किंवा त्याचा एखादा अंतर्भाग निकामी होऊन जो बार उडतो, त्यास प्रस्तुत नोंदीत अनभिप्रेत बार म्हटले आहे. हयगयीने उडालेला बार ही तत्त्वतः निराळी गोष्ट होय. परंतु प्रत्यक्ष अपघातात या दोहोंची फारकत करणे अत्यंत दुर्घट असते, कारण घटनेचा साक्षीदार बहुधा एकटाच असतो आणि जखमी किंवा मृत झालेलाही तोच असतो. कारखानदारांची कैफियत आजवर प्रायः याच अडचणीच्या आधारावर उभी राहिली आहे.

काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर पिनेचा जोरकस टोला बसला की बार होतो. म्हणून सुरक्षेचा सारा प्रश्न, चाप ओढला जाईपर्यंत त्या पिनेला आणि टोपीला कोण अलग ठेवतो, एवढ्यावर येऊन ठेपतो. कोल्ट कंपनीच्या 1873 च्या सुप्रसिद्ध रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असताना त्याचे टोक थेट टोपीवर टेकत असे, आणि म्हणून जाणकार माणसे सहा घरांपैकी एक घर रिकामे ठेवून ते घोड्याखाली आणीत. दोष यंत्राचा आणि पथ्य मात्र वापरणाऱ्याचे, अशी ही वाटणी होती व ती पुढे शंभर वर्षे निमूटपणे चालू राहिली. त्यावरील उपाय अज्ञात होता असेही नाही. आयव्हर जॉन्सन या अमेरिकन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच घोडा आणि पिन यांच्यामध्ये, चाप पूर्ण ओढल्यावाचून वर न येणारी एक पट्टी बसविली होती, आणि भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर हातोडी मारली तरी बार उडत नाही, अशी तिची जाहिरात ती उघडपणे करीत असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, 1944 मध्ये, स्मिथ अँड वेसन कंपनीचे एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या पोलादी तक्तपोशीवर पडून अमेरिकन आरमारातील एका खलाशाचा मृत्यू झाला. घोड्याला अडविणारा भाग त्या हत्यारात होता, परंतु तो सर्व परिस्थितीत विश्वासपात्र नव्हता. गिऱ्हाईक प्रबळ होते आणि युद्ध चालू होते. सबब कंपनीने ती रचना तातडीने बदलली. खासगी गिऱ्हाइकाच्या वाट्याला इतकी तत्परता क्वचितच आली. स्टर्म, रूगर कंपनीने 1953 पासून जुन्या कोल्टच्या धर्तीवर काढलेल्या रिव्हॉल्व्हरांत तोच जुना दोष होता. 1973 मध्ये तिने नव्या मालात मधली पट्टी बसविली खरी, परंतु आधी विकलेली हत्यारे विनामूल्य दुरुस्त करून देण्याची तजवीज 1982 मध्ये झाली, आणि मधल्या काळात कंपनी न्यायालयांत खेचली गेली. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली अशाच एका खटल्यात, दोष ठाऊक असूनही माल विकत राहणाऱ्या कारखानदाराकडून दंडात्मक भरपाई वसूल करता येते हे तत्त्व मान्य केले. जूरीने ठरविलेली रक्कम मात्र अवाजवी ठरविली.

न्यायालयाचाच दरवाजा का ठोठवावा लागतो, याचे उत्तर अमेरिकेच्या कायद्यातच आहे. 1972 च्या ग्राहकवस्तू-सुरक्षा कायद्याने स्थापन केलेल्या आयोगास सदोष वस्तू बाजारातून परत बोलावण्याचा अधिकार मिळाला. परंतु त्या कायद्यातील व्याख्येतून, ज्या वस्तूंवर बंदुका व दारूगोळ्याचा विशिष्ट अबकारी कर बसतो त्या वगळल्या गेल्या. बंदुकीचे नावही न घेता, केवळ करविषयक कलमाचा हवाला देऊन केलेला हा अपवाद मसुदा लिहिणाऱ्याच्या चातुर्याची साक्ष देतो. परिणाम असा की खेळण्यातील पिस्तूल सदोष ठरल्यास आयोग ते मागे घ्यावयास लावू शकतो, खऱ्या पिस्तुलास तो हातही लावू शकत नाही. 1968 च्या कायद्यान्वये परदेशी पिस्तुलांना आयातीपूर्वी काही कसोट्यांना उतरावे लागते, देशी मालास त्या लागू नाहीत. ही उणीव राज्यांपैकी कॅलिफोर्नियाने विशेष भरून काढली : 1999 च्या तेथील कायद्यानुसार पिस्तूल एक मीटरहून किंचित अधिक उंचीवरून निरनिराळ्या स्थितींत काँक्रीटवर टाकून पाहिले जाते, आणि बार उडाला तर ते विक्रीच्या यादीत येत नाही. 2005 च्या संघीय कायद्याने गुन्हेगारांच्या कृत्यांबद्दल कारखानदारांना मोठे संरक्षण दिले, तथापि रचनेतील व घडणीतील दोषांबद्दलचे दावे त्यातून वगळले. जखमींना जी काही दाद मिळते ती याच फटीतून.

तौरुस या ब्राझिली कंपनीविरुद्ध फ्लोरिडातील संघीय न्यायालयात अशाच दोषांबद्दल चाललेला सामूहिक दावा 2016 मध्ये तडजोडीने मिटला. पिस्तुलांचे नऊ नमुने व सुमारे दहा लाख नग त्यात गोवलेले होते. कंपनीने दोष कबूल केला नाही, तरी पिस्तुले परत घेण्यास ती राजी झाली.

सिग सॉअर कंपनीच्या पी-320 या पिस्तुलाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 2014 मध्ये बाजारात आलेले हे पिस्तूल जानेवारी 2017 मध्ये अमेरिकन लष्कराने स्वीकारले; त्याच वर्षी ते विशिष्ट कोनात पडल्यास बार उडतो हे उघडकीस आले, आणि ऑगस्टमध्ये कंपनीने चाप व इतर काही भाग बदलून देण्याची ‘ऐच्छिक सुधारणा’ जाहीर केली. माल परत बोलावला, असे म्हणण्याचे तिने कटाक्षाने टाळले. सुधारित पिस्तुलेही म्यानात असताना सुटतात, अशा फिर्यादी पोलिसांनी व नागरिकांनी पुढे मोठ्या संख्येने केल्या. कंपनीने त्या साफ नाकारल्या. काही न्यायालयांनी तज्ज्ञांची साक्ष अपुरी म्हणून दावे फेटाळले, तर 2024 मध्ये जॉर्जियातील जूरीने सुमारे 23 लाख 50 हजार डॉलर व फिलाडेल्फियातील जूरीने 1 कोटी 10 लाख डॉलर भरपाई ठरविली. जुलै 2025 मध्ये वायोमिंगमधील हवाई तळावर एका सैनिकाचा मृत्यू झाल्यावर याच पिस्तुलाच्या लष्करी आवृत्तीचा वापर तेथील दलाने तहकूब केला. परंतु नंतर दुसऱ्याच सैनिकास अटक झाली आणि वापर पुन्हा सुरू झाला. प्रत्येक बार यंत्राच्या माथी मारणेही म्हणूनच न्याय्य नव्हे.

आपल्याकडे हा प्रश्न क्वचितच या अंगाने चर्चिला जातो. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईत एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्याचा पाय जखमी झाला, तेव्हा हत्यार हातातून निसटून पडल्याचा खुलासा झाला. पडलेल्या रिव्हॉल्व्हरचा बार मुळात का उडावा, हा प्रश्न मात्र धन्याच्या निष्काळजीपणाच्या चर्चेत हरवला. वस्तुतः हत्यार कधी ना कधी हातातून पडणारच, हे गृहीत धरूनच ते घडविले गेले पाहिजे, आणि त्या गृहीताचा भार वापरणाऱ्यापेक्षा घडविणाऱ्यावर टाकणे न्यायसंगत होय. कायद्याचा ओघ मात्र सर्वत्र त्या दिशेने नाही : सिग सॉअरचे मुख्य ठाणे ज्या न्यू हॅम्पशायर राज्यात आहे, तेथील विधिमंडळाने 2025 मध्येच, बाह्य सुरक्षा-खटका नाही एवढ्याच कारणास्तव पिस्तुलाच्या कारखानदारावर दावा लावण्यास मनाई करणारा कायदा संमत केला.