कोरडी जमीन, ओली न्हाणी

न्हाणीघरातला एक्झॉस्ट फॅन हे घरातलं अगदी किरकोळ उपकरण समजलं जातं. सहा इंची पंखा साधारण ३० वॅट घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम ०.१३ अँपिअर. त्यामुळे तो बसवताना फारसा विचार होत नाही. दिव्याच्या पॉइंटवरून दोन वायरी ओढल्या, व्हेंटिलेटरच्या चौकटीत चार स्क्रू मारले की काम झालं. तिसरी, हिरवी वायर पुष्कळदा कापून टेपमध्ये गुंडाळून ठेवलेली सापडते. हे विवेचन त्या हिरव्या वायरीविषयी आणि ती जिथे पोचायला हवी त्या जमिनीविषयी आहे.

आधी शरीराचा हिशेब पाहू. ओल्या अंगाचा, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाचा विद्युतरोध साधारण १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. मुंग्या येतात त्या १ मिलिअँपिअरच्या आसपास. १० मिलिअँपिअरजवळ हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढचा प्रवाह टिकून राहिला, तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी या 'हात सुटण्याच्या' मर्यादेचा माणसांवर प्रयोग करून अभ्यास केला आणि १९६१ मध्ये गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारं उपकरण तयार केलं. याउलट बोर्डातला ६ अँपिअरचा एमसीबी ६,००० मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला करंट लागल्याचं त्याला कळतही नाही.

पंख्यात बिघाड होतो तो असा. उन्हाळ्यात व्हेंटिलेटरमधून धूळ आत येऊन मोटरवर बसते. मृगाचा पाऊस तिरपा आला की ती भिजते आणि ओली धूळ विजेला वाट देते. वाफेने जोडावरचा टेप सुटतो. अशा वेळी फेज पंख्याच्या लोखंडी चौकटीला लागला, तर चौकटीवर वीज उतरते. इथे अर्थिंगचं काम दोन टप्प्यांचं असतं. त्या विजेला जमिनीत जाण्याची सोपी वाट द्यायची आणि त्या वाटेने इतका प्रवाह वाहू द्यायचा की बोर्डातलं संरक्षण तुटेल. पहिला टप्पा वायरीचा, दुसरा जमिनीचा.

दुसऱ्या टप्प्यावर आपल्या यवतमाळ जिल्ह्याची जमीन अडवते. जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर आहे. वर कपाशीची काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि खडक. पठारी भागात मातीचा थर पुष्कळ ठिकाणी हातभर खोल नसतो. ही काळी माती ओली असताना विजेला उत्तम वाट देते. मे महिन्यात मात्र ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि गाडलेल्या सळीची मातीवरची पकडच सुटते. ३ मीटर लांब, १७ मिलिमीटर जाड सळी ३० ओहम-मीटर रोधकतेच्या ओलसर मातीत सुमारे १० ओहम रोध देते. रोधकता ३०० झाली, म्हणजे कोरडा मुरूम लागला, की तीच सळी १०० ओहमवर जाते. मग बिघाडाचा प्रवाह २.३ अँपिअर. ६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही आणि चौकटीवर जवळपास सगळे २३० व्होल्ट तसेच राहतात. कोळसा-मीठ घालून खड्डा केला असला, तरी त्याला पाणी लागतं. निळोणा आणि चापडोह धरणांतलं पाणी आटल्यावर शहरात नळाची वाट पाहणाऱ्या घराकडून अर्थिंगच्या खड्ड्यात घागर ओतण्याची अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. घरातल्या सगळ्या हिरव्या वायरी बोर्डात एकत्र येतात. खड्डा निकामी असेल, तर ही जोडणी विजेला जमिनीत नेत नाही, ती एका उपकरणाची वीज दुसऱ्यावर पोचवते. सात फुटांवरच्या पंख्यातला बिघाड गीझरच्या टाकीवर येतो आणि पाइप लोखंडी असेल तर टाकीवरून नळावर. पंख्याला कोणी हात लावलेला नसतो. शॉक बसतो तो बादलीत पाणी सोडताना. यावर उपाय म्हणून काही जण न्यूट्रललाच अर्थिंग जोडून देतात. टेस्ट लॅम्प पेटतो, काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण खांबावरून येणारी न्यूट्रल वादळात तुटली, की चालू उपकरणांमधून फिरून येणारी वीज घरातल्या प्रत्येक लोखंडी अंगावर चढते. हे कधीही करू नये.

म्हणून या जमिनीत मुख्य भरवसा आरसीसीबीवर ठेवावा लागतो. आपल्याकडे त्याला सर्रास ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परत येतो का, एवढंच तो पाहतो. ३० मिलिअँपिअर कमी पडले की क्षणात तोडतो. ५० व्होल्ट ही सुरक्षित मर्यादा धरली, तर त्याला १,६६७ ओहमपर्यंतचं अर्थिंगही चालतं. कोरड्या मुरमातली १०० ओहमची सळी एमसीबीला निरुपयोगी होती, ती आरसीसीबीला भरपूर आहे. हिरवी वायर मात्र हवीच. ती नसेल तर आरसीसीबी पडतो तो माणसातून प्रवाह गेल्यावर. ती असेल तर बिघाड होताच, कोणी हात लावण्याआधी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरल्या, तर आरसीसीबी वाचवू शकत नाही.

जागेविषयी थोडक्यात. आंतरराष्ट्रीय मानकात खाली बेसिन नसलेल्या शॉवरभोवती १.२ मीटर आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा पट्टा जास्त धोक्याचा धरलेला आहे. आपली आंघोळ बादली-तांब्याची, शिंतोडे कुठेही जातात. म्हणून माझ्या मते न्हाणीघर सगळंच ओलं समजावं. पंखा त्या उंचीच्या वर, स्विच दाराबाहेर. दोन चौकोनांची खूण असलेला, दुहेरी इन्सुलेशनचा प्लास्टिक पंखा मिळाला तर त्याला अर्थिंग लागत नाही. लोखंडी चौकटीच्या पंख्याला मात्र तीन तारांचीच केबल. ती पंख्यात शिरण्याआधी खाली झोका देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळ झोक्यावरून टपकतो, आत जात नाही. स्विच फेजवर आहे ना, हे तपासावं. न्यूट्रलवर असेल तर बंद पंख्यातही वीज असते.

कायदा इथे एक उपयुक्त रेघ ओढतो. जुना पंखा काढून त्याच जागी तसाच बसवणं घरच्या माणसाला करता येतं. नवा पॉइंट काढणं, वायरिंग वाढवणं हे परवानाधारक ठेकेदाराचं काम आहे.

आणि इन्व्हर्टर. लाईन जाण्याची सवय असलेल्या आपल्या भागात दिवे-पंख्यांचं सर्किट बहुधा त्यावर असतं. मेन स्विच पाडून माणूस स्टुलावर चढतो, आणि पंख्याच्या वायरीत बॅटरीवरून आलेले २३० व्होल्ट तसेच असतात. आधी इन्व्हर्टर बंद करून त्याचं आउटपुट सोडवावं, मग वायरीला टेस्टर लावावा. तोही आधी चालू सॉकेटवर पेटवून पाहिलेला असावा. आरसीसीबी इन्व्हर्टरच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला असेल, तर बॅटरीवर चालताना तो या सर्किटचं रक्षण करत नाही. तो इन्व्हर्टरच्या पुढे घ्यावा आणि महिन्यातून एकदा त्याचं 'टी' बटण दाबून पाहावं. ते बटण फक्त यंत्र तपासतं, खड्डा नव्हे. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरनेच मोजावा लागतो, आणि तो पावसाळ्यात मोजून उपयोग नाही. वायरमनला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मातीला भेगा पडलेल्या असताना बोलवावं.