तिसऱ्या माळेचा निकाल

तारीख 17 ऑक्टोबर 2023. मंगळवार, देवीचा वार, त्यात नवरात्राची तिसरी माळ. तुम्ही कवठे येमाईत येमाईच्या दर्शनाला रांगेत उभे आहात. पुढच्या बाईच्या ताटात हिरवा खण, त्यावर शेंडी देवीकडे केलेला नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि चार बांगड्या. सवाष्णी ओटी भरायला पुढे सरकतात. दोघीजणी मात्र खांबाला टेकून मागेच थांबल्यात. विधवा आहेत, बिनलग्नाच्या आहेत की नुसत्या दमल्यात, तुम्हांला ठाऊक नाही. त्यांना कुणी पुढे या म्हणत नाही आणि त्याही येत नाहीत.

तुमच्या मागच्या पोराच्या मोबाईलवर दिल्ली चालू आहे. सर्वोच्च न्यायालयातून थेट प्रक्षेपण. समलिंगी विवाहाच्या खटल्याचा निकाल सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड वाचताहेत. केंद्र सरकारनं एप्रिलमध्ये प्रतिज्ञापत्रात ही मागणी शहरी उच्चभ्रूंची ठरवली होती. चंद्रचूड म्हणतात, समलिंगी असणं ना शहरी आहे ना उच्चभ्रू. इंग्रजी बोलणारा, ऑफिसात बसणारा पुरुष जितका असा असू शकतो, तितकीच शेतात राबणारी बाईही असू शकते.

तुमची नजर आपसूक त्या दोघींकडे जाते. घोड नदीच्या या पट्ट्यात कांदा लावणाऱ्या, खुरपणाऱ्या, काढणाऱ्या बायांच्या मनाचा विचार आजवर कुणी जाहीरपणे केला? आज देशाच्या सर्वांत वरच्या न्यायासनावरून केला गेला.

दुपारपर्यंत निकाल कळतो. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि 1954 चा विशेष विवाह कायदा न्यायालय नव्यानं लिहू शकत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत आहे. पण अशा जोडप्यांना एकत्र राहण्याचा, त्या नात्याला सरकारदरबारी मान्यता मिळण्याचा हक्क आहे, हे चंद्रचूड आणि संजय किशन कौल या दोघांचंच मत. भट, कोहली आणि नरसिंह या तिघांना ते पटलेलं नाही. तीन विरुद्ध दोन. प्रश्न पुन्हा संसदेच्या आणि सरकारच्या दारात.

आता पाच महिने मागं चला. मे 2023, तेच न्यायालय. सुनावणीत जमियत उलेमा-ए-हिंदचा विरोध नोंदवलेला आहे. केंद्रानं राज्यांना मत विचारलं होतं, त्याची उत्तरं सांगितली जाताहेत. राजस्थान, आसाम, आंध्र प्रदेश यांचा नकार. तुम्ही कान टवकारता, आपलं राज्य काय म्हणतंय? महाराष्ट्रानं मुदत मागितली आहे. फुले, आगरकर, कर्वे ज्या राज्यात बाईच्या संसाराच्या हक्कासाठी शिव्याशाप खात उभे राहिले, त्या राज्याला हो म्हणवत नाही, नाहीही म्हणवत नाही.

सुनावणी 11 मेला संपते. 28 मेला तुम्ही नव्या संसद भवनात आहात. तमिळनाडूच्या मठांचे अधीनम आले आहेत. मंत्रघोष चालू आहे, पंतप्रधान सेंगोल या राजदंडापुढे साष्टांग नमस्कार घालतात. पुढे सर्वधर्म प्रार्थनाही होते. कायदे जिथं होणार त्या घराचा हा गृहप्रवेश, आणि मानाच्या जागी धर्मगुरू बसलेत. ज्या जोडप्यांचा निकाल अजून लागायचाय, त्यांच्याविषयी या पाहुण्यांचं मत काय, हे कुणी विचारत नाही.

अमेरिकेत निदान ते विचारलं जातं. 20 जानेवारी 2009 ला वॉशिंग्टनच्या थंडीत क्षणभर उभे राहा. ओबामांच्या शपथविधीला प्रार्थना म्हणायला रिक वॉरन या पाद्र्यांना बोलावलंय. दोनच महिन्यांपूर्वी कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करण्याच्या सार्वमताला त्यांनी पाठिंबा दिला होता, म्हणून देशभर संताप आहे. दोन दिवस आधी लिंकन स्मारकापाशी जीन रॉबिन्सन या स्वतः समलिंगी असलेल्या बिशपनं प्रार्थना म्हटली होती. 2013 च्या शपथविधीतून तर लुई गिग्लिओ या पाद्र्यांना समलिंगींविरुद्धच्या जुन्या प्रवचनाबद्दल वाद उठल्यावर बाजूला व्हावं लागलं. सरकारी मंचावर कोण प्रार्थना म्हणतो, यावरून सरकार कुणाला आपलं मानतं ते कळतं, हे तिथल्या लोकांनी ओळखलं होतं.

आपला तसा मंच म्हणजे पंढरपूर. 29 जून 2023, आषाढी एकादशी. उत्तररात्र. विठ्ठलाच्या गाभाऱ्यात दही-दुधाचा, केशराचा, ओल्या दगडाचा वास. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे शासकीय महापूजा करताहेत. शेजारी मानाचं वारकरी दाम्पत्य, रात्रभर रांगेत उभं राहून आलेलं. त्यांचा सत्कार होईल, एसटीचा वर्षभराचा पास मिळेल. रांगेतल्या साध्या शेतकऱ्याला राज्याच्या प्रमुखाशेजारी उभं करणारी ही प्रथा मला फार प्रिय आहे. पण तिच्याकडे जरा नीट पाहा. वारीत सगळे माउली. दोन बाप्ये किंवा दोन बाया आळंदीपासून एका राहुटीत झोपतात, एकमेकांच्या पायांचे फोड धुतात, कुणी काही विचारत नाही. मान मात्र नवरा-बायकोचा. आयुष्यभर एका चुलीवर जेवलेल्या दोघी त्या रांगेत असतील, तर राज्याच्या लेखी त्या दोन सुट्या बाया.

आणखी मागं, कवठ्यालाच परत. गेल्या शतकातली जत्रेची रात्र. बोर्डावर गण झाला, गवळण उभी राहिली. मावशी म्हणून लुगडं नेसून एक बाप्या येतो, कमरेवर हात ठेवतो आणि सगळं मैदान हसतं. तमाशाला गाणी आणि वगनाट्यं देणारे बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. येमाईच्या गावातला मुसलमान लेखक गण लिहितो, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, एवढं मन या मातीला आहे. मावशी झालेल्या त्या नाच्याचंही कौतुक होतं, पण ते बोर्डावरच. पहाटे चेहऱ्याचा रंग पुसल्यावर तो कुणाबरोबर राहतो, कुणासाठी झुरतो, हे त्याला कधी बोलता आलं नाही. गावानं त्याला पाहिलं भरपूर, ओळखलं नाही.

आता पुढं या. 20 ऑक्टोबर 2024, शेजारच्या खेड तालुक्यातलं कनेरसर. तिथंही यमाईचं देऊळ आहे आणि ते चंद्रचूडांचं मूळ गाव. निवृत्तीला काही आठवडे उरलेले सरन्यायाधीश गावकऱ्यांच्या सत्काराला उत्तर देताहेत. अयोध्येच्या खटल्यात वाट सापडेना, तेव्हा देवापुढं बसून मीच त्याला मार्ग काढायला सांगितलं, असं ते म्हणतात. न्यायाधीशानं असं म्हणावं का, यावर देशभर वाद होईल आणि तो व्हायलाच हवा. मला ते रुचलं नाही. पण त्या गर्दीत उभं राहून एक गोष्ट लक्षात घ्या. समलिंगी जोडप्यांच्या नात्याला मान्यता द्या, असं लिहिणारा न्यायाधीश देवापुढं बसणारा होता. श्रद्धा असणाऱ्यानं या जोडप्यांच्या विरोधातच असलं पाहिजे, हे म्हणणं यमाईच्याच मुलखातल्या माणसानं खोटं ठरवलं. अडतंय ते श्रद्धेपाशी नाही. अडतंय ते मानपानापाशी, वारसापाशी, सातबाऱ्यापाशी.

सातबाऱ्याचंच घ्या. दोघींनी मिळून तीस वर्षं जमीन कसली, ती एकीच्या नावावर आहे आणि तिनं मृत्युपत्र केलेलं नाही. ती गेली तर तलाठ्याकडे वारसनोंदीला भाऊ येईल, पुतण्या येईल. दुसरीला बांधावर उभं राहायचाही हक्क उरणार नाही. हा प्रश्न मुंबईच्या सदनिकेइतकाच कवठ्याच्या वावराचा आहे.

9 जानेवारी 2025 ला फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्याआधी थोडं हाताला लागलं होतं. अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही, असं केंद्रानं ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं. रेशनकार्डासाठी त्यांना एकाच कुटुंबातलं धरावं, असं राज्यांना कळवलं. या गोष्टी आज मागता येतात. तुमच्या ओळखीत, भावकीत, वाडीवर असं कुणी असेल, तर त्यांना हे सांगा, मृत्युपत्र करायलाही सांगा. शिरूरच्या तहसील कचेरीत पुरवठा शाखेपर्यंत त्यांच्यासोबत जा. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा: मे 2023 मध्ये महाराष्ट्रानं मुदत मागितली होती, आता उत्तर काय आहे?