शिक्का, मोर्तब आणि एपीके: फोनमध्ये कोणाला घ्यायचं याचा इतिहास

आजचा विषय दिसायला क्षुल्लक आहे. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन 'एपीके' अशी अक्षरं असतात. तिच्यावर बोट टेकवलं की फोन विचारतो, हे ॲप इन्स्टॉल करायचं का? आपण 'हो' म्हणतो किंवा 'नाही' म्हणतो. त्या एका 'हो'मागे वीसेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे: ज्याला आपण पाहिलेलं नाही त्याच्या शब्दावर विश्वास कधी ठेवायचा? न्यायदर्शनात हा शब्दप्रमाणाचा प्रश्न आहे. शब्द प्रमाण मानायचा तर तो आप्ताचा हवा. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला विषय नीट माहीत आहे आणि जो तो जसा आहे तसाच सांगतो, असा माणूस म्हणजे आप्त. फोनच्या बाबतीत हा आप्त कोण, हे ठरवण्याचा हक्क कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, ते आज आपण बघू.

सुरुवात स्मार्टफोनच्या आधीपासून करू. नोकियाचे फोन आठवा. त्यांत जावाचे खेळ असायचे, त्यांच्या फाइलीला 'जार' म्हणत. सिंबियन प्रणालीच्या महागड्या फोनसाठी 'सिस' नावाची फाइल असे. ही फाइल मिळवायची कशी? मित्राच्या फोनमधून ब्लूटूथने, सायबर कॅफेतल्या संगणकावरून केबलने, किंवा कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून. दुकानदार मेमरी कार्ड घ्यायचा आणि गाणी, वॉलपेपर, गेम सगळं 'मारून' द्यायचा. म्हणजे आप्त कोण? दुकानदार! पुढे सिंबियनच्या नवव्या आवृत्तीपासून फाइलीवर डिजिटल सही सक्तीची झाली. त्या सहीच्या दाखल्याला मुदत असायची. मुदत संपली की फोन ॲप घ्यायला नकार द्यायचा. मग लोकांनी काय केलं? फोनची तारीख मागे नेली, ॲप बसवलं आणि तारीख परत पुढे आणली. इथून पुढचा सगळा इतिहास याच खेचाखेचीचा आहे. फोन बनवणारा कुलूप लावतो, आणि फोन वापरणारा म्हणतो, फोन माझा आहे, किल्लीही माझ्याकडेच हवी.

२००७ मध्ये आयफोन आला, तेव्हा त्यात बाहेरचं ॲप बसवायची सोयच नव्हती. १० जुलै २००८ रोजी ॲपलने ॲप स्टोअर उघडलं, सुरुवातीला ५०० ॲप होती. वाट एकच, आणि त्या वाटेवर पहारेकरीही एकच, खुद्द ॲपल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला आणि 'अँड्रॉइड मार्केट' सुरू झालं. २०१२ मध्ये त्याचं नाव 'गुगल प्ले' झालं. अँड्रॉइडने मात्र एक मागचं दार ठेवलं. सेटिंगमध्ये 'अज्ञात स्रोत' असा एक पर्याय होता. तो चालू केला की कुठूनही आणलेली एपीके फाइल फोनमध्ये बसवता येई. या बाहेरून बसवण्याला साइडलोडिंग म्हणतात.

आता ही एपीके म्हणजे नेमकं काय? नाव 'अँड्रॉइड पॅकेज'चं लघुरूप. आतून बघाल तर ती एक झिप फाइल आहे, म्हणजे अनेक फाइली घडी घालून एका गाठोड्यात बांधलेल्या. झिपची पद्धत १९८९ची, जावाच्या जार फाइलीही त्याच पद्धतीच्या, आणि एपीके ही त्याच घराण्यातली पुढची पिढी. गाठोड्यात चार गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, मॅनिफेस्ट, म्हणजे जाहीरनामा: ॲपचं नाव काय, आवृत्ती कोणती, आणि त्याला कॅमेरा, संपर्क, एसएमएस यांपैकी कशाकशाची परवानगी लागेल. दुसरी, प्रत्यक्ष चालणारा कोड. तिसरी, चित्रं आणि मजकूर. चौथी, सही.

या सहीकडे जरा नीट बघू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. ॲप बनवणारा स्वतःची एक गुप्त किल्ली तयार करतो आणि तिने फाइलीवर सही करतो. अँड्रॉइडने ही सही कोणा सरकारी किंवा मध्यवर्ती संस्थेकडून प्रमाणित करून मागितली नाही. स्वतःच स्वतःला दिलेला दाखला चालत होता. मग त्याचा उपयोग काय? उपयोग असा, की ॲपची नवी आवृत्ती आली तर तिच्यावर त्याच किल्लीची सही आहे का, हे फोन तपासतो. नसेल तर जुन्यावर नवं बसत नाही. आपल्या दर्शनांमध्ये प्रत्यभिज्ञा नावाची कल्पना आहे: काल पाहिलेला देवदत्त तो हाच, अशी ओळख. सही ही प्रत्यभिज्ञा देते. हा तोच, एवढं ती सांगते. हा चांगला आहे, असं ती सांगत नाही. चोरही रोज तीच सही करू शकतो! ओळख आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आज घरी जाताना लक्षात ठेवा.

या सहीचाही एक धडा आहे. शिवकालीन पत्रं पाहिली असतील तर आठवेल, वर मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब असतं. शेवटी वेगळा ठसा कशाला? पत्र इथे संपलं, याच्या पुढे कोणी एक ओळही घुसवू नये म्हणून. शिक्कामोर्तब हा शब्द त्यातूनच आपल्या तोंडी आहे. अँड्रॉइडची जुनी सहीची पद्धत गाठोड्यातल्या एकेका फाइलीची नोंद घ्यायची, गाठोड्याचं तोंड मात्र शिवलेलं नव्हतं. २०१३ मध्ये ब्लूबॉक्स या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की त्याच गाठोड्यात एकाच नावाच्या दोन फाइली ठेवल्या तर तपासणारा एक बघतो आणि चालवणारा दुसरी चालवतो. सही शाबूत आणि माल बदललेला. ती चूक दुरुस्त झाली. पुढे २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ आलं, तेव्हा संपूर्ण फाइलीवर एकत्र सही करण्याची पद्धत आली. आमच्या शब्दांत सांगायचं तर शिक्का होता, मोर्तब आठ वर्षांनी आलं.

आता लोकांकडे वळू. लोक मागच्या दाराने ॲप का आणत होते? सगळे चोरटे होते म्हणून? नाही. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ येईपर्यंत डेटा महाग होता. तीस-चाळीस एमबीचं ॲप उतरवायचं म्हणजे पॅक संपायचा. मग एकाने उतरवायचं आणि शेअरइट किंवा झेंडरने दहा जणांना द्यायचं, इंटरनेटशिवाय. ही अगदी व्यवहारी, गरजेतून आलेली रीत होती.

दुसरं कारण, देशोदेशीच्या सीमा. जुलै २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा खेळ आधी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेत आला. बाकीच्या जगाला धीर नव्हता. लोकांनी एपीके शोधून काढल्या. काही दिवसांतच त्या खेळाची एक बनावट प्रत सापडली, जिच्यात फोनचा ताबा घेणारा ड्रॉइडजॅक नावाचा प्रोग्राम दडवलेला होता. भारतात तो खेळ रीतसर आला डिसेंबरमध्ये. तिसरं कारण, बंदी. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होतं, आणि गंमत बघा, शेअरइट आणि झेंडरही होती. चौथं कारण, तत्त्व. २०१० पासून चालणारं एफ-ड्रॉइड हे भांडार फक्त मुक्त स्रोताची ॲप ठेवतं, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही वाचता येतो. तिथे आप्त ही कोणी व्यक्ती नाही. कोणीही तपासू शकतं, हीच तिथली हमी.

गुगलनेही दाराची रचना बदलत नेली. आधी 'अज्ञात स्रोत' हा एकच खटका होता. एकदा चालू केला की दार सताड उघडं. २०१७च्या अँड्रॉइड ८ पासून तो खटका गेला आणि प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी द्यावी लागू लागली. ब्राउझरला द्या, व्हॉट्सॲपला देऊ नका, असं करता येतं. घरी जाऊन सेटिंगमध्ये 'अज्ञात ॲप इन्स्टॉल करा' असं शोधा आणि तिथली यादी पाहा. जिथे गरज नाही तिथली परवानगी बंद करा.

आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा फार झाली नाही. ऑगस्ट २०२१ पासून गुगल प्लेवर नवं ॲप देताना तयार एपीके चालत नाही, 'ॲप बंडल' द्यावं लागतं. त्यातून गुगल प्रत्येक फोनसाठी लागतील तेवढेच तुकडे बनवून पाठवतं. जागा वाचते, हे खरंच. पण त्यामुळे एका फोनमधून काढलेली फाइल दुसऱ्या फोनवर चालेलच असं राहिलं नाही. आणि त्या तुकड्यांवर सही करायची किल्ली आता गुगलकडे असते. पूर्वी कारागीर आपल्या वस्तूवर स्वतःचा ठसा उमटवायचा. आता तो ठसा बाजाराचा मालक उमटवतो. तो चांगला की वाईट ते बाजूला ठेवू, पण हा सत्तेचा हातबदल आहे, एवढं तरी म्हणायला हवं.

ही सत्ता न्यायालयांपर्यंत गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. साइडलोडिंगच्या वाटेत अडथळे आणू नका, असंही एक फर्मान त्यात होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण काही फर्मानं रद्द केली, त्यांत हेही होतं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत एपिक गेम्स या कंपनीच्या खटल्यात ज्यूरीने गुगलच्या विरोधात कौल दिला. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे ॲपललासुद्धा तिथे दुसऱ्या दुकानांना आयफोनवर जागा द्यावी लागली. म्हणजे सोळा वर्षांनी त्या एका वाटेला दुसरी वाट फुटली, तीही तेव्हा फक्त युरोपात.

इथपर्यंत ऐकून वाटेल की मागचं दार म्हणजे स्वातंत्र्य आणि बंद दार म्हणजे जुलूम. इतकं सोपं नाही. २०२४ पासून देशभरच्या पोलिसांच्या सायबर विभागांनी एपीकेबद्दल इशारे दिले आहेत. लग्नाची पत्रिका म्हणून, वाहतुकीचं ई-चलान म्हणून, बँकेचं केवायसी म्हणून एपीके येते. पत्रिका हे चित्र असतं किंवा पीडीएफ असते. पत्रिकेला इन्स्टॉल कशाला व्हावं लागेल? पण घाईत तो प्रश्न सुचत नाही. आपण 'हो' म्हणतो, ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, तीही आपण देतो. मग बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराच्या हातात पडतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे ती फाइल पुष्कळदा ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आलेली असते, कारण त्याचा फोन आधीच बळी पडलेला असतो. सुरुवातीला आपण म्हटलं, आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. इथे तो फरक शब्दशः पैशात मोजला जातो. पाठवणारा मामा खरा असतो, फाइल मामाची नसते.

याच कारणावर बोट ठेवून गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं, की सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि पुढे इतरत्र, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ओळख नोंदवलेल्या विकासकांचीच ॲप बसतील, मग ती कुठूनही आणलेली असोत. एफ-ड्रॉइडने याला कडाडून विरोध केला. नोव्हेंबरमध्ये गुगलने म्हटलं की जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू.

आता आमचं मत. ओळख नोंदवल्याने गुन्हा झाल्यावर गुन्हेगार शोधायला मदत होईल, बनावट नावं बदलत राहणं महाग पडेल. हे मोलाचं आहे. पण ओळख म्हणजे भरवसा नव्हे, हे आपण सहीच्या वेळी पाहिलं. ओळख नोंदवून फसवणारे जगात कमी नाहीत, आणि नाव न सांगता फुकट चांगलं काम करणारेही आहेत. शिवाय ओळखीचं रजिस्टर ज्याच्याकडे, तो उद्या कोणाचंही नाव खोडू शकतो. म्हणून दार असावं, त्याला कडी आतून असावी, आणि कडी काढणाऱ्याला ती का काढतोय हे कळत असावं. कडी बाहेरून लावली तर घर सुरक्षित होतं, पण ते आपलं राहत नाही.

कळण्यासाठी तीन प्रश्न पुरेत. ही फाइल मी मागितली होती का? जो पाठवतोय तो ती बनवणारा आहे, की फक्त पुढे ढकलणारा? आणि ती जी परवानगी मागते, तिचा तिच्या कामाशी काय संबंध? पत्रिकेला एसएमएस कशाला, टॉर्चला संपर्कयादी कशाला? तिन्हींची उत्तरं पटली तरच 'हो'. फाइल चुकून बसलीच तर आधी इंटरनेट बंद करा, ॲप काढून टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. तिथे लाज बाळगू नका, वेळ महत्त्वाचा असतो.

मंडळी, ज्ञानमीमांसा ही ग्रंथात राहणारी गोष्ट आहे असं आमच्या विद्यार्थ्यांना पुष्कळदा वाटायचं. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि दिवसातून दोनदा विचारते, इन्स्टॉल करायचं का? आता तुमचे प्रश्न घेऊ.